दादाला दिसणाऱ्या भिंती

"वन्सं, हे गेले..." वहिनीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात भाजी निवडत होते. तिला पुढे बोलवेना. बाकीचं माझ्या भाचीने, चारूने, हिंदीत सांगितलं. सकाळचा चहा घेऊन बाबा खुर्चीत बसले होते, बसल्या जागीच गेले. याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, त्रास न होता गेला. मी मान हलवते. दादाला त्रास झाला होता, आणि त्यात माझाही हात होता, म्हणून हे लिहायला बसले आहे.

वडील नोकरीसाठी साताऱ्याहून झाशीला आले आणि तिथलेच झाले. मोहनदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याच्या डोळ्यांचे पडदे लहानपणापासूनच खराब होत होते. तिशीत उरलासुरला उजेडही गेला. तोवर कारखान्यात तो ड्रॉइंग काढायचा, तिथून त्याला टेलिफोनच्या टेबलावर बसवलं. पहिलं वर्ष तो घरातल्या घरात धडपडला. मग त्याला एक सवय लागली... जीभ टाळूला लावून टक् असा आवाज काढायचा आणि थांबून ऐकायचं. कुणी शिकवलं नव्हतं. भिंतीपाशी आवाज परत येतो, उघड्या दारापाशी येत नाही, हे त्याचं त्यालाच उमगलं. दोनेक वर्षांत तो ओरछा गेटजवळच्या आमच्या घरातून एकटा माणिक चौकापर्यंत जाऊ लागला. काठी फक्त उघड्या नाल्यांसाठी, एरवी काखेत. कापडाचं दुकान आवाज गिळतं, भांड्यांचं दुकान तो परत फेकतं, असं सांगायचा. एकदा बाजारात एका माणसाने त्याची कॉलर धरली. त्याला वाटलं, हा आपल्या बायकोकडे बघून जीभ वाजवतोय. भांडीवाल्याने सोडवलं, "अरे भैया, इन्हें दिखता नहीं है." दादा घरी येऊन मला म्हणाला, "सुमे, किती वर्षांनी कुणाला तरी वाटलं, मला दिसतं."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं, की डोळे गेले तरी मेंदूतला बघण्याचा भाग रिकामा बसत नाही, काही माणसांत तो आवाजाच्या कामाला लागतो. दादाला त्याचं नवल वाटलं नाही. "मला भिंत ऐकू येत नाहीच," तो म्हणाला, "दिसते."

दोन वर्षांपूर्वी त्याच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला. मी पुण्याहून गेले. कोणतंच औषध लागू पडेना. शेवटी एक इंजेक्शन उरलं. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "कानों पर असर हो सकता है. बातचीत सुनाई देगी, बारीक आवाज़ें शायद न रहें." दादाने शांतपणे विचारलं, "और न लूँ तो?" डॉक्टरांनी संमतीचा कागद पलंगावर ठेवला. "तरीही मला नको," तो आमच्याकडे तोंड करून म्हणाला. वहिनी बाहेर निघून गेली. मी त्याच्या पलंगावर बसले आणि म्हणाले, "दादा, तू आम्हाला हवा आहेस. भिंती आम्ही सांगू तुला." मग त्याने हात पुढे केला, मी त्याचं बोट कागदावरच्या जागेवर टेकवलं आणि त्याने सही केली.

ताप उतरला. दहा-बारा दिवसांनी त्याला वॉर्डात उभं केलं, तेव्हा त्याने जीभ वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली. "सुमे, समोर भिंत आहे ना?"... भिंत त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर होती.

आठ दिवसांनी मी पुण्याला परतले. फोनवर तो आधीसारखाच बोलायचा, म्हणून सगळे म्हणत, ऐकू तर व्यवस्थित येतंय. घरात मात्र दाराच्या चौकटीवर आपटून कपाळाला टाके पडले. चारू म्हणायची, "बाबा, मैं हूँ ना, चलिए." पण कुणी हात धरून न्यावं, हे त्याला जमेना. काठीवर भरवसा बसेना. हळूहळू त्याने बाहेर जाणं सोडलं, पुढे पुढे जीभ वाजवणंही. गेल्या दिवाळीत मी गेले, तेव्हा तो खुर्चीत बसून होता. मी पाया पडले. डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "भिंती सांगणार होतीस तू." आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, "दादा, तिकडे माझंही घर आहे रे." "हो," तो म्हणाला, "आहेच की." त्यानंतर आम्ही भेटलो नाही.

तेराव्यानंतर मी त्या घरात दोन दिवस राहिले. सकाळी केर काढताना मला भिंतीवर एक पट्टा दिसला. कमरेच्या उंचीवर, चुन्यावर हाताचा मळ बसून तेलकट, काळपट झालेला. वहिनी म्हणाली, "वर्षभर हात घासत जायचे हो." मी त्याच्यावर तळवा ठेवून चालत गेले. पट्टा पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जातो, तिथून खुर्चीपर्यंत, मग बाहेरच्या दाराकडे वळतो. तिकडे तो फिकट होत जातो, आणि कडीच्या हातभर अलीकडे संपतो.