खाली बघणारा कॅमेरा

माझ्या दारावरच्या कॅमेऱ्यात माणसाचं तोंड दिसत नाही. गुडघ्याखालचं तेवढं दिसतं. बघणारे हसतात. हसू देत. तो चुकून तसा बसलेला नाही, मी स्टुलावर चढून, पाना हातात घेऊन तसा बसवलाय. का बसवला ते लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या माघारी कुणी तो सरळ करायला जाणार नाही.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण चाळीस वर्षं मी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बिघडला की विणणारा हात वर करायचा आणि मी जायचो. नुसता आवाज ऐकून कुठला नट ढिला झालाय ते सांगायचो. त्यामुळं लोखंडाच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं चालत नाही. बाकीच्या बाबतीत तरी कुठं चालतं, असं बायको म्हणायची. ती जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या या दोन खोल्यांत मी एकटा, आणि मुलगा तिकडं लांब पुण्यात.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी पायरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो. मोटर नसली तर पाणी वरच्या टाकीत चढत नाही. मी आत झोपलो होतो. पाईप कापून मोटर नेली तरी मला पत्ता नाही. ते मुलाला फोनवर सांगितलं ही माझी चूक.

"अप्पा, बास झालं आता," तो म्हणाला. "उद्या तुम्ही पडलात तर कुणाला कळणार? पुण्याला या."

"मोटर गेलीय. मी हाय की हितंच."

"मग दारावर कॅमेरा बसवायचा. मला इथून दिसला पाहिजे. नाहीतर मी बॅग घेऊन तुम्हाला न्यायला येतो."

यातली गोम मला तिथंच कळली. नाव चोराचं, नजर माझ्यावर. पुण्यात त्याचं घर सातव्या मजल्यावर आहे. मी तिथं एकदा बारा दिवस राहिलो. खाली पाय मोकळे करायला उतरलो की वॉचमन विचारायचा, काका, तुम्ही कुठल्या फ्लॅटचे? रोज तोच वॉचमन आणि रोज तोच प्रश्न. तेराव्या दिवशी मी एसटीत बसलो. परत तिकडं राहायला जायचं नाही हे माझं तेव्हाच ठरलंय.

"बसवू कॅमेरा," मी म्हणालो. "पर निवडनार मी."

बाजारात दुकानात गेलो तर काउंटरवर खोकं तयार. पोरानं आधीच फोन केलेला. दुकानदार चाळिशीचा, तोंडात मावा.

"मामा, हा घ्या. गोल फिरतो. माणूस हलला की त्याच्या मागं मान वळवतो. आवाज बी जातो. पोरगा पुण्यातनं तुमच्याशी बोलल, ह्यातनंच."

"भिंतीतनं?"

"व्हय की. अप्पा, गोळी घेतली का, म्हणून विचारल."

"त्याला बोलायचं असल तर दारात उभं ऱ्हाऊन बोलल. दुसरा दाखव."

दुसरा अर्ध्या नारळासारखा होता. "ह्यात आख्खी गल्ली येती," तो म्हणाला. "समोरच्याच्या चुलीवर काय शिजतंय ते बी दिसल."

त्याला वाटलं, मी खूश होईन. पण माझ्या दारासमोर काय आहे ते त्याला कुठं माहीत. समोर तेलुगू बोलणारं घर आहे. तिथल्या अक्का दिवसभर उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. साडी गुडघ्यापर्यंत वर, पाय पसरलेले. त्याशिवाय दहा-दहा तास बसवतच नाही. पाण्याच्या दिवशी त्यांच्या सुना तिथंच धुणं-भांडी करतात, लेकरांना अंघोळी घालतात. म्हणून नळ आला असेल तेव्हा आमच्या गल्लीतला पुरुष दारातून निघताना आधी खाकरतो आणि मग खाली बघत जातो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. माझा बाप असाच चालायचा. कॅमेऱ्याला खाकरता येत नाही. मग त्यानं निदान खाली तरी बघावं.

"लांबचं न दिसनारा हाय का?" मी विचारलं.

तो मावा चघळायचा थांबला. "मामा, लोक लांबचं दिसावं म्हणून पैसे देतात."

"मी दिसू नये म्हणून देतो."

मग त्यानं कोपऱ्यातला एक काढला, बॅटरीसारखा, लांबोडका. म्हणाला, "हा साधा हाय. मान हलवत न्हाय, बोलत न्हाय. तोंड कराल तिकडंच बघतो."

"असा मानूस मला कारखान्यात कदी मिळाला न्हाय. उघडून दाखव."

"उघडल्यावर वॉरंटी जाती."

"मग वॉरंटी तुज्यापाशी ठेव."

पावसाचं विचारलं तर म्हणाला, वॉटरप्रूफ आहे. म्हटलं, बादली आण. उन्हाचं विचारलं तर खोक्यावर बोट ठेवून म्हणाला, पन्नास डिग्रीपर्यंत चालतो. मी म्हणालो, "माज्या दाराला दुपारी बारापासनं ऊन हाय. मे महिन्यात तितल्या पत्र्यावर पाल बी थांबत न्हाय. तुजं खोकं एक दिस तितं उभं कर." शेवटी वैतागून त्यानं तिन्हींची झाकणं उघडली. पहिल्या दोन्हींना प्लॅस्टिकच्या खाचा. खाच उन्हात तडकते. तिसऱ्याला रबराची जाड कडी आणि चार स्टीलचे स्क्रू. हे ओळखायला इंग्रजी वाचावं लागत नाही. तोच घेतला.

बसवायला दुकानदार स्वतः आला. आल्याआल्या त्यानं कॅमेऱ्याचं तोंड समोरच्या घराकडं केलं, मुलाच्या मोबाइलला जोडून दिलं आणि चहा पिऊन गेला. तो वळणावर गेला तसा मी स्टूल काढलं. पान्यानं नट ढिला केला, तोंड खाली वाकवलं आणि आवळला. समोरून अक्का सुपावरची मान वर न करता म्हणाल्या, "अण्णा, पडू नका. तुमचं पोरगं माझ्यावर ओरडंल."

संध्याकाळी फोन आला.

"अप्पा, नुसत्या पायऱ्या दिसतायत. तुमचे पाय तेवढे दिसतात."

"पायच बगायचेत न्हवं तुला? हलत्यात का बग. थांबले की ये."

"आणि चोराचं तोंड?"

"नवी मोटर पायरीवरच हाय. उचलायला वाकावंच लागतंय. वाकला की तोंड येतंय."

त्यानं फोन ठेवला. इंजिनियर आहे, हिशोब बरोबर आहे हे त्याला कळलं असणार.

तीन आठवडे बरे गेले. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात माग बंद असतात, धुऊनपुसून त्यांची पूजा होते. सगळ्यात जुना जॉबर म्हणून कोहळा फोडायला अजून मला बोलावतात. निघायच्या आधी मी घरातली हत्यारं पुजली. पाने, पकड, हातोडी, नवी मोटर. सगळ्यांना हळद-कुंकू. मग वर लक्ष गेलं. कॅमेरा पण यंत्रच की. स्टुलावर चढलो. कुंकू कपाळाला लावायचं, पण याचं कपाळ कुठलं? समोर काच होती, तेच तोंड धरलं आणि अंगठ्यानं चांगलं ठसठशीत लावलं. वर फूल वाहिलं. कुलूप लावून निघालो. मोबाइल चार्जिंगला होता, तो तिथंच राहिला.

कोहळा फोडला, जेवलो, प्रसादाचा नारळ घेऊन दोनच्या सुमाराला गल्लीत आलो, तर मुलगा माझ्या कुलपासमोर उभा. घामानं भिजलेला. शेजारी चाकांची मोठी बॅग.

"कुठं होता तुम्ही?"

"कारखान्यात. आज खंडेनवमी न्हाय का."

"सकाळी बघितलं तर सगळं लाल. लाल, अप्पा. मला वाटलं रक्त आहे. फोन उचलत नाही. समोरच्या घरालाही कुलूप. पाच तास गाडी कशी चालवली माझं मला माहीत." त्यानं बॅग माझ्यापुढं ढकलली. "आता काही ऐकणार नाही. बॅग भरा."

अक्का आणि सुना सणाच्या बाजाराला गेल्या होत्या, तेवढ्यात परत आल्या. अक्कांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, बॅगेकडं बघितलं. "डोळ्यातच कुंकू घातलं व्हय अण्णा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी दार उघडलं, पण आत गेलो नाही. पायरीवर बसलो. पोराला घाबरवलं याचं वाईट वाटलं. ते मी त्याला सांगितलं नाही.

"बॅग भरू," मी म्हणालो. "त्याच्या आदी कॅमेऱ्यातलं मागचं बग. पंद्रा दिसांचं ऱ्हातंय म्हनं. तू कदी बगितलंस?"

त्यानं बघितलं नव्हतं. सकाळी चहा घेताना माझे पाय हलताना दिसले की तो बंद करायचा. रुमालानं काच पुसून तो माझ्या शेजारी बसला आणि मोबाइलवर मागचं लावलं.

चार पाय आले, तेलानं काळे. "हे कोण?"

"कारखान्यातले. मागातला धोटा उडतोय म्हनून विचाराय आलते."

"तिथं जॉबर नाहीये का?"

"हाय की. त्यातला एक त्योच."

तो हसला नाही, पण खांदे जरा खाली आले. दूधवाल्याचे बूट गेले. एक तुटक्या पट्ट्याची चप्पल आली आणि तासभर हलली नाही, तो माझा जुना जोडीदार, पान खायला येतो. मग सकाळी सहाचं आलं. भेगाळलेल्या टाचा, बोटांत जोडवी. पाय खालच्या पायरीवर येऊन थांबले. दार वाजवलं नाही. थोडा वेळ उभे राहिले आणि वळून गेले. दुसऱ्या दिवशी सहाला तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एका सकाळी मात्र ते पाय वर आले, अगदी दाराला लागून थांबले, बराच वेळ. मग सावकाश उतरून गेले.

मुलानं ते पुन्हा लावलं. "या समोरच्या ना? काही बोलत कशा नाहीत?"

मला दात नाहीत. सहाला मी आतल्या खोलीत खलबत्त्यात पान कुटतो. त्या दिवशी मला उठायला उशीर झाला होता.

"खलबत्ता वाजला की जात्यात त्या," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला न म्हाईत असायला काय झालं."

मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा बघत होतो. नारळ या हातातून त्या हातात घेत राहिलो.

तो म्हणाला, "कॅमेरा थोडा वर करू? निदान त्यांचं तोंड..."

"त्यांचं तोंड बगायचं असल तर समोर जा आन नमस्कार कर."

तो उठला. दारातून उतरताना खाकरला. लहानपणी या गल्लीत वाढलाय, विसरला नव्हता. अर्ध्या तासानं चहा पिऊन आला. अक्कांच्या मोठ्या सुनेचा नंबर मोबाइलमध्ये घालून आणला होता. अप्पांचा नंबर तिच्यापाशी आधीपासूनच आहे, असं म्हणाला.

दसरा करून तो गेला. आपट्याची पानं दिली, पाया पडला. पुढच्या वर्षी कुंकू काचेला नको, कॅमेऱ्याच्या वरच्या टोपीला लावा म्हणाला. तेवढं मी ऐकणार आहे. बॅग मात्र ठेवून गेला. "असू दे अप्पा, कधी लागली तर."

लागली की. चाकं चांगली आहेत तिची. दुसऱ्याच दिवशी माझे सगळे पाने, पकडी, हातोड्या, मागाचे जुने सुटे भाग त्यात भरले आणि ती खाटेखाली ढकलली. आता ती दोन माणसांनाही उचलत नाही.