वहिनींच्या गुडघ्याचा फोटो

"माझा गुडघा तुमच्या डब्यात काहून गेला, भाऊजी?"

वहिनी खालच्या अंगणातून ओरडून राहिल्या होत्या. आवाज असा, की तिकडे बरगी धरणाच्या पाण्यात जाळं टाकून बसलेल्या कोळ्यानेही कानांवर हात ठेवले असतील. मी वरच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा, अन् माझ्या पाठीमागे बायको. खालच्या मजल्यावर दादा-वहिनी, वरच्यावर आम्ही, अशी वीस-बावीस वर्षं एका घरात निघाली. पण आमच्यापैकी कुणाचा गुडघा कुणाच्या डब्यात गेल्याचं उदाहरण नव्हतं.

डबा म्हणजे जुना कॉम्प्युटर. रिछाईतल्या एका बंद कारखान्याच्या भंगारातून मी तो उचलला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवून दिला. घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागद परक्या कंपनीच्या गोदामात न जाता आपल्याच कोठीत राहावेत, एवढाच हेतू. पंखा सुरू झाला की कोठीतून हेलिकॉप्टर उडतंय असं वाटायचं, ही गोष्ट वेगळी.

मला हा नाद लागला तो संशयातून. एकदा मी बायकोला म्हटलं, कूलरची मोटर गेली वाटते. दहा मिनिटांत फोनवर कूलरच्या जाहिराती. दुसऱ्या दिवशी मी तोंड बंद ठेवून नुसता कूलरचा विचार केला, तरी जाहिराती आल्या. यात मी पदरचं थोडं घातलं असेल, पण थोडंच. तेव्हा बायकोच म्हणाली, फोन ऐकतो आपलं. झालं. मी फोन धुऊन पुसून काढला, आतली मूळची व्यवस्था उपटून कुणाला काहीही न कळवणारी नवी व्यवस्था टाकली. फोन एवढा गुप्त झाला, की बँकेचं ॲप मलाच ओळख दाखवेना. नकाशा राहिला नाही, म्हणून डिस्क आणायला गेलो तेव्हा पंधरा माणसांना रस्ता विचारावा लागला. एका कंपनीपासून जे लपवलं ते पंधरा जणांना तोंडाने सांगून आलो.

तरी माझा उत्साह कमी झाला नाही. मी वहिनींनाही घाबरवलं. म्हटलं, तुमचे फोटो परके लोक बघतात. त्यांनी विचारलं, "काय बघतात? कोथिंबीर?" पण शेवटी फोन हातात दिला. तेव्हापासून त्यांनी काढलेला प्रत्येक फोटो आपोआप डब्यात यायला लागला.

आता आमच्या घरची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात त्या खाली, वहिनींकडे. नियम असा, की सोळा भाज्या अन् पुरणाचा स्वयंपाक जिच्या हातून होतो तिच्याकडे महालक्ष्म्या. आजीचे हात थकले तेव्हा त्या आईकडे गेल्या, आईचे थकले तेव्हा वहिनींकडे आल्या. एकदा हललेल्या महालक्ष्म्या परत आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. वहिनींनंतर पाळी माझ्या बायकोची.

मी डबा उघडला तो फक्त फोटो पोचतात की नाही, ते बघायला. खरंच सांगतो. कोथिंबीर होती, दादा झोपलेला होता, अन् मग एकदम एक एक्स-रे. गुडघा. खाली डॉक्टरची चिठ्ठी, सिहोऱ्याच्या दवाखान्याची: जास्त वेळ उभं राहायचं नाही. सिहोऱ्याहून लोक तपासायला आमच्या जबलपूरला येतात. जबलपुरातून सिहोऱ्याला जाणारी वहिनी ही पहिलीच बाई असावी. घरी त्यांनी सांगितलं होतं, पुरणासाठी चांगली डाळ मिळते तिकडे. डाळ आणलीही होती. फोटो त्यांनी नागपूरच्या बहिणीला पाठवण्यापुरता काढला होता.

मी शहाणपणाने गप्प बसलो. म्हणजे फक्त बायकोला सांगितलं. अन् ती भली बाई दुसऱ्या सकाळी खाली जाऊन म्हणाली, "ताई, यंदा पुरण मी वाटू का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. वहिनींनी दूध उतू जायच्या आत सगळा हिशोब जुळवला अन् बायको वर पोचते न पोचते तोच अंगणात आल्या.

आम्ही खाली उतरलो. वहिनी आता हळू बोलत होत्या, ते जास्त वाईट. "पहिले फोन बदलला. मग डबा आणला. मग माझ्या फोनमध्ये हात घातला. अन् आता म्हणे, पुरण वाटू का. अच्छा. मला काही समजत नाही काय?"

असं ओळीने ऐकल्यावर मलाच ते पटायला लागलं. फोन ऐकतो, हे मला पहिल्यांदा कोण म्हणालं होतं? मी हळूच बायकोकडे पाहिलं. तिने ते पाहिलेलं मी पाहिलं. दादाचा प्रश्न निराळाच होता: सिहोऱ्याला डाळीलाच गेली होतीस ना? आठवडाभर तो त्या डाळीची तारीफ करून राहिला होता.

वहिनींनी त्याच्याकडे पाठ केली. बायकोकडे बघून म्हणाल्या, "उभं नाही राहता आलं तर मी बसून करीन. पण माझ्या हातून नेऊ नका त्यांना."

बायको दोन पावलं पुढे गेली. मग म्हणाली, "ताई, मला सोळा भाज्यांची नावंसुद्धा सांगता येत नाहीत. चौदावर अडते मी."

एवढ्यावर ते मिटलं. महालक्ष्म्या खालीच बसणार, वहिनी स्टुलावर बसून सांगणार अन् वाटणं-घाटणं बायको करणार, असं ठरलं. माझ्याशी मात्र कुणी बोलेना.

म्हणून दुपारभर खपून मी डब्यात वहिनींचा कप्पा वेगळा केला, त्याला कुलूप लावलं अन् फोन घेऊन खाली गेलो. पासवर्ड त्यांच्याच बोटांनी टाकायला लावला, तोंड भिंतीकडे करून उभा राहिलो. मग समजावलं, की आता मीसुद्धा आत बघू शकत नाही, किल्ली फक्त तुमच्याकडे.

वहिनी मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अन् कुलूप लावलं कोणी?"