मुंजाजी मिस्त्रीचं नाक

मुंजाजी मिस्त्रीइतका तोऱ्याचा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. निजामाच्या राज्यात सेलूला अधिकारी काही कमी नव्हते, पण त्यांतला एखादा तरी समोरच्याचं ऐकून घ्यायचा. मुंजाजी घ्यायचा नाही. मी बन्सीधर शेठची लॉरी चालवायचो, जिंतूरहून कापूस भरून सेलूला त्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात आणायचो, आणि महिन्यातून दोनदा तरी गाडीच्या दुरुस्तीसाठी मला या माणसापुढे हात जोडून उभं राहावं लागे.

लॉरी जुनी, डिझेलवर चालणारी. डिझेलला तेव्हा आम्ही क्रूड म्हणायचो. महायुद्ध संपून वर्ष झालं तरी सुटे भाग मिळत नव्हते, त्यामुळे ती जिकडून तिकडून गळायची. कधी पाणी, कधी क्रूड, कधी इंजिनाचं तेल, आणि खाली पडेपर्यंत सगळंच काळं. मुंजाजी आधी इंजिन रॉकेलनं धुवायचा, त्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरायचा, गाडी चालू करायला लावायचा आणि उकिडवा बसून बघत राहायचा. पीठ जिथं पहिल्यांदा भिजेल तिथं खरी गळती.

"थेंब पडतो तितं हात घालू ने," तो मला सुनवायचा. "पंख्याचा वारा तेलाला मागं ढकलतो. चोर वर बसलेला असतो, चंद्रभान, अन् तू खाली हुडकायलास."

मग ओलं पीठ चिंधीनं टिपायचा, नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि पाणी, क्रूड की तेल याचा निकाल द्यायचा. पीठ अर्थातच घरचं. त्याची बायको कडूबाई म्हणायची, "आमच्यात आदी विंजन जेवतंय, मंग मानसं."

आता आतली गोष्ट सांगतो. ती मलाही फार पुढं कळली. एका हिवाळ्यात मुंजाजीला जबर सर्दी झाली आणि त्याचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवरच होतं, चांगलं लांबलचक. वास तेवढा गेला. ज्या नाकावर घरची चूल पेटायची तेच गेलं, हे सांगणार कुणाला? त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. चिंधी घरी न्यायची, तिच्यापुढं टाकायची आणि म्हणायचं, "धुऊन टाक." ती नाक मुरडायची, "अगं बया, किती क्रूड लागलंय!" की दुसऱ्या दिवशी हा छाती काढून आमची गळती बंद करायचा. लोकांना सांगायचा, वास रात्रभर डोक्यात मुरवावा लागतो. आम्ही गाढवं माना डोलवायचो.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग ऐन कापसाच्या हंगामात लॉरीनं नवंच नाटक केलं. खाली एक थेंब नाही, आणि इंजिनातलं तेल वाढायला लागलं! सळई घालून पाहावं तर खुणेच्या वर दोन बोटं. बन्सीधर शेठ हरखून गेला.

"लॉरी न्हाई रे ही, दुभती म्हैस हाय!" असं म्हणून त्यानं इंजिनाला हळदकुंकू लावलं. वरचं तेल काढून जिनाच्या चाकांना घातलं. त्याच्या आईनं ते गुडघ्यांना चोळलं आणि लय आराम पडल्याचं जाहीर केलं.

मला मात्र आराम नव्हता. जिंतूरच्या चढाला इंजिन आतून खडखडायला लागलं होतं. मी मुंजाजीला जिनात बोलावून आणलं. त्यानं सळईवरचं तेल बोटांत चोळलं.

"शेठ, तेलात क्रूड उतरायलंय. पंपाचा पडदा फाटला असंल. पातळ तेलावर माल भरून चढवली तर विंजन जाम व्हतंय. नवं कुटून आनताव?"

"गरम तेल पातळच असतंय. वास घेऊन सांग."

"सांजच्याला सांगतो."

"सांज न्हाई, फौरन! माझा कापूस तिकडं उघड्यावर पडलाय."

शेठ मोठा बिलंदर. त्यानं दोन चिंध्या आणवल्या. एक आमच्या लॉरीच्या तेलात बुडवलेली, दुसरी जिनाच्या इंजिनातल्या जुन्या तेलात. दोन्ही सारख्याच काळ्या. मुंजाजीनं दोन्ही नाकाशी धरल्या, डोळे मिटले, बराच वेळ मिटले, आणि उजव्या हातातली पुढं केली. "हे क्रूड."

ती जिनाची निघाली. शेठ हसला, हमाल हसले, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो. शेठनं मला गाडी काढायला सांगितलं. मी हँडल मारायला वाकलो.

तेवढ्यात कडूबाई भाकरी घेऊन आली. मुंजाजी तसाच उभा होता, दोन्ही हातांत चिंध्या. गप्प बसला असता तर एक चूक झाली एवढ्यावर निभावलं असतं.

"थांब, चंद्रभान," तो ओरडला आणि बायकोकडं वळला. "अगं, मला वास येत न्हाई. दोन वर्सं झाली. ह्यातलं क्रूड कोन्तं, तू सांग."

हमालांनी गठाणी खाली ठेवल्या. माझा हात हँडलवरच राहिला.

"डाव्या हातातलं," कडूबाई लांबूनच म्हणाली. "अन् मला म्हाईत हाय. दोन वर्सं करपलेलं पिठलं ग्वाड म्हून खायलाव तुमी. मी चिंध्या बघून मोठ्यानं बोलायची, ते काय भिंतीला सांगायची व्हय?"

 मुंजाजीनं पाना उचलून पंप खोलला. आतला पडदा बोटभर फाटलेला होता. क्रूड पंपातून पुढं जायचं सोडून सरळ तेलात उतरत होतं. शेठनं आईला काय सांगितलं कोण जाणे, पण म्हातारीचे गुडघे त्याच दिवसापासून पुन्हा दुखायला लागले. मी माझ्या हसण्याची लाज वाटून गुपचूप जुनं तेल उपसायला बसलो.

मुंजाजी हात धुऊन लॉरीच्या सावलीत जेवायला बसला. भाकरी मोडली, पिठल्याकडं पाहिलं आणि थांबला.

"आज करपलंय का गं?"

"न्हाई. आज बरं झालंय."

मुंजाजीनं मान हलवली आणि घास घेतला. त्यानं दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवलेला मी सेलूत तेवढा एकदाच पाहिला.