मी काढलेला सरकारी हुकूम

मी मुळात भित्रा माणूस. पोलीस, कुत्रा, साहेब आणि पंचनामा या चौघांनाही मी सारखाच भितो, आणि अशा माणसाला सरकारने चांदवड तालुक्यात कोंबड्यांना लस टोचायला पाठवलं होतं. ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. हल्ली बर्ड फ्लू आला की टीव्हीवर पांढऱ्या पोशाखातली माणसं दिसतात, चुना टाकलेले खड्डे दिसतात, मंत्री बोलतात. आमच्या वेळी रोगाचं नाव राणीखेत. गावात त्याला मानमोडी म्हणत, कारण कोंबडीची मान पिळवटते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नव्हतं. आधी लस टोचली असेल तरच कोंबडी वाचायची. आणि सरकारचं सगळं धोरण म्हणजे एक थर्मास, एक काचेची सिरिंज, दोन सुया आणि मी.

नियम मात्र पाठ करून घेतले होते. आजारी कोंबडी असेल त्या घरी लस टोचायची नाही. एका घरची सुई उकळल्याशिवाय दुसऱ्या घरी न्यायची नाही. रोग दिसला तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना कळवायचं. हे नियम करणाऱ्याने थर्मासमधला बर्फ वितळताना कधी पाहिला नसावा. कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागे, आणि चांदवडच्या गोळेवाल्याकडून घेतलेला बर्फ सायकलवरून गावात पोचेपर्यंतच निम्मा होई. चूल पेटवून सुई उकळत बसलं की लस गरम, आणि गरम लस म्हणजे नुसतं पाणी. म्हणून मी सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचो आणि पुढच्या घरी जायचो. सगळेच असं करतात, असं स्वतःला सांगायचो. बाकीचे काय करतात हे मी कधी पाहिलंही नव्हतं.

त्या दिवशी पहिलं घर एका मोठ्या कांदेवाल्या शेतकऱ्याचं होतं. चाळीसेक कोंबड्या. "सगळ्या ठीक आहेत ना?" मी विचारलं. "एकदम झकास," तो म्हणाला, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून हटून बसला. मी हो म्हटलं. भित्र्या माणसाला आग्रह मोडता येत नाही.

दुसरं घर वस्तीच्या टोकाला, एका विधवा बाईचं. सरकारी योजनेतून तिला पंचवीस पांढऱ्या कोंबड्या मिळाल्या होत्या. दर आठवड्याला ती अंड्यांची टोपली घेऊन एसटीने सातपूरला जायची, तिथल्या कामगारांच्या खाणावळीत अंडी द्यायची आणि परतताना नाशिकला मुलीच्या वसतिगृहात पैसे पोचवायची. मुलगी नर्सिंग शिकत होती. "ह्या हायेत म्हणून पोरगी शिकती साहेब," बाई म्हणाली. एकेक कोंबडी पकडून ती माझ्यापुढे धरत होती आणि प्रत्येकीला "झालं गं, झालं" म्हणत होती. बारा टोचून झाल्या तेवढ्यात शेतकऱ्याकडून जेवणाचं बोलावणं आलं. बाकीच्या जेवून आल्यावर, असं सांगून मी निघालो.

ताटात कोंबडीचा रस्सा होता, वर लालभडक तर्री. मी दीड भाकरी हाणली आणि मग सहज विचारलं, "अंड्यावरची कोंबडी कापलीत? आज काय विशेष?"

"विशेष कसलं साहेब. सकाळधरनं मान टाकून बसली व्हती. म्हणलं, साहेब येतातच हायेत, वाया कशाला घालवायची? परवा बी एक अशीच कापली."

घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. रश्श्याचं मला भय नव्हतं, शिजलेल्या कोंबडीतून राणीखेत होत नाही. पण या घरची सुई, नुसती पुसलेली, मी त्या बाईच्या बारा कोंबड्यांच्या पंखाखाली खुपसून आलो होतो. त्याने आणखी रस्सा वाढला आणि मी तोही खाल्ला.

परत जाताना मी सायकलवरून उतरलोसुद्धा नाही. कुंपणापलीकडूनच ओरडलो, "बर्फ संपला. बाकीच्या पुढल्या खेपेला."

ती धावत बाहेर आली. "साहेब, टोचलेल्या आन् न टोचलेल्या एकत्र ठेवल्या तर चालंल का?"

हाच प्रश्न विचारायला हवा होता आणि तिने तो विचारला होता. वेगळ्या ठेवा म्हटलं असतं तर तिने का म्हणून विचारलं असतं. मी म्हणालो, "चालेल."

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. रोग सुईतून गेला असेल तर पाच-सहा दिवसांत दिसणार होता. डॉक्टरसाहेबांना कळवावं तर पहिला प्रश्न येणार, सुई उकळली होती का? नोकरी नवी, घरी म्हातारे आईवडील. दवाखान्यात कोणी मोठ्याने हाक मारली तरी मी मागच्या दाराकडे बघायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा मी तिच्या दारात गेलो आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"सरकारचा नवा हुकूम आहे. खुराड्यात बाहेरचं कोणी येऊ द्यायचं नाही. दाराशी फिनेलचं पाणी ठेवायचं, पाय बुडवूनच आत जायचं. भोवती चुना टाकायचा. आठवडाभर अंडी बाहेर न्यायची नाहीत."

"समद्या गावाला हाय का?"

"हो. समद्या गावाला."

तिने अक्षर न अक्षर पाळलं. सहाव्या दिवशी गेलो तर दाराशी फिनेलचं घमेलं, चुन्याची पांढरी रेघ आणि आत दोन कोंबड्या माना पिळवटून पडलेल्या. "माझंच काय तरी चुकलं आसंल," ती म्हणाली. मी मान डोलावली. पुढचा आठवडा सरायच्या आत पंचवीसच्या पंचवीस गेल्या. शेतकऱ्याच्याही बऱ्याच गेल्या, पण त्याचे कांदे होते. डॉक्टरसाहेबांना मी शेवटी कळवलं, सुईबद्दल सोडून.

महिनाभराने ती चांदवडच्या आमच्या दवाखान्यात आली. शेजारी बाकावर एक पत्र्याची पेटी. पुन्हा कोंबड्या मिळाव्यात म्हणून अर्ज केला होता, त्यात लिहिलं होतं की सरकारचा हुकूम पूर्ण पाळला.

"आतला कारकून म्हनतो, असा हुकूमच नाय," ती म्हणाली. "मंग तुमी कशाला भ्याला व्हता? त्या दिशी हुकूम सांगताना तुमचे हात थरथरत व्हते. मी पाह्यलं."

तेव्हा मी सांगितलं. शेतकऱ्याचं घर, रस्सा, सुई, सगळं. ती ओरडेल, आतून डॉक्टरसाहेब बाहेर येतील, म्हणून मी दाराकडे बघत बोलत होतो. शेवटपर्यंत मी भीत होतो ते फक्त स्वतःसाठी, हे लिहायला लाज वाटते.

ती ओरडली नाही. "मी इचारलं व्हतं तुमाला, एकत्र ठेवू का म्हणून. टोचलेल्या बारा मला वळखू येत व्हत्या. बाकीच्या तेरा मी बाजूला काढल्या असत्या. तेरावर बी चाललं असतं माझ्या पोरीचं."

मग कळलं, ती पेटी मुलीची होती. वसतिगृहातून ती सकाळीच आणली होती आणि मुलगी शिक्षण सोडून, स्टँडवर गावच्या गाडीची वाट बघत थांबली होती. बाई उठली. पेटी जड होती, म्हणून मी हात पुढे केला. तिने मला पेटीला हात लावू दिला नाही.