घरटी एक माणूस

"तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टर मला म्हणाले आणि माझ्या नवऱ्याला त्यांनी समोरची खुर्ची दाखवली.

मी उठले नाही. पनवेलचा तो दवाखाना मला नवा नव्हता. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मला असंच बाहेर बसवलं होतं, आणि आत काय बोलणं झालं ते मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

"रक्त माझं काढलंत, रिपोर्ट माझा आहे. मी का बाहेर बसू?" मी म्हणाले.

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे फरशीकडे पाहत होते. शेवटी डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. "ल्युकेमिया वाटतोय. म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मुंबईला जावं लागेल, आजच्या आज."

"आज कसं जमेल? आज गावात हळद आहे," मी म्हणाले.

आता हे लिहिताना मलाच माझी कीव येते. पण ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगते, त्या क्षणी डोक्यात मोठं काही येत नाही. घरी चूल कोण पेटवेल, मुलीला शाळेतून कोण आणेल, हळदीला कोण गाईल, एवढंच येतं. तुम्हालाही असलंच काही सुचलं तर स्वतःला वेडं समजू नका.

हळदीचं माझ्या मनात आलं याला कारण होतं. पनवेलहून नेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. गावात मी बालवाडी चालवायची, आणि लगीनसराईत धवलारीण असायची. आमच्याकडे लग्नातल्या प्रत्येक विधीच्या वेळी धवला गातात. ही गाणी कुठे लिहिलेली नसतात, एका बाईकडून दुसरीकडे येतात. ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय हळद लागत नाही की मांडवात कुणी पाट मांडत नाही. माझ्याकडे धवला आला तो नागूबाईकडून. ती आमच्या शेजारची म्हातारी. वय झाल्यावर तिने ओळ सांगायचं काम माझ्यावर टाकलं आणि स्वतः मागून ओळ उचलायला, म्हणजे ती परत म्हणायला, बसू लागली. चुकले की मांडवातच कोपर मारायची.

आजाराने आधी खुणा दिल्या होत्या, आम्हीच त्या वाचल्या नाहीत. हिरड्यांतून रक्त यायचं. घरात सगळे म्हणाले, मशेरी सोड. मी सोडली, रक्त थांबलं नाही. जिने चढताना धाप लागायची, तर म्हणाले लगीनसराईचा थकवा. मग एका लग्नात कासारणीने चुडा भरला आणि दुसऱ्या दिवशी माझी दोन्ही मनगटं निळीजांभळी झाली. आमच्या आळीच्या बायका त्या बिचाऱ्या कासारणीवर तुटून पडल्या. "हात हाय का लाकूड? जरा तरी दया पायजे!" ती शपथा घेऊन सांगत होती की बांगड्या अलगद सरकवल्या. तिचं खरं होतं. पुढे बरी झाल्यावर मी तिला मुद्दाम बोलावून चहा पाजला.

त्या दिवशी हळदीला नागूबाई एकटीच गायली. मी मुंबईच्या कॅन्सर इस्पितळाच्या ओट्यावर नंबर लागायची वाट पाहत बसले होते.

पहिली मोठी तपासणी बोन मॅरोची. म्हणजे हाडाच्या आतला मगज काढून बघतात, कारण रक्त तिथे तयार होतं. कमरेच्या हाडात सुई घालतात. भूल देतात, पण आतलं ओढून घेताना जी कळ जाते ती भुलीला जुमानत नाही. मी दात आवळले आणि मनात धवला सुरू केला. नर्सने विचारलं, "मंत्र म्हणताय का?" मी मान हलवली. हे लग्नाचं गाणं आहे, हे समजावत कोण बसणार?

माझ्या वॉर्डच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सरळ बोलायच्या. त्यांनी मला सांगितलं ते जसंच्या तसं आठवतं. "तुमच्या मॅरोमध्ये कच्च्या पेशी भरमसाट वाढल्यात. चांगल्या पेशींना जागा उरलेली नाही. याला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया म्हणतात. अक्यूट म्हणजे फार वेगाने वाढणारा. आम्ही औषधाने सगळंच साफ करणार, वाईटही आणि चांगलंही. मग चांगलं परत उगवतं का, त्याची वाट पाहायची. मधले दिवस धोक्याचे असतात."

"नाही उगवलं तर?"

"तर मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या.

मला ते उत्तर आवडलं. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडले. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिची वेणी कोण घालेल या एका विचारावर मी पुन्हापुन्हा येत होते.

केमोथेरपी सुरू झाली. एक औषध लालभडक होतं, सरबतासारखं. ते नळीतून थेंब थेंब अंगात उतरायचं आणि मी त्याच्याकडे बघत राहायची. घड्याळाकडे पाहिलं की वेळ सरत नाही. म्हणून मी धवल्याने वेळ मोजू लागले. आमचा पहिला धवला बोलावण्याचा असतो. लग्नाला सगळ्यांना बोलवायचं. आधी देव, मग डोंगर, खाडी, झाडं, मग गाव, आणि शेवटी त्या घरातले गेलेले पूर्वज, नावं घेऊन. देवांपासून गावापर्यंत यायला बराच वेळ लागतो. गाव संपलं की मी थांबायची आणि पुन्हा देवांपासून सुरू करायची. पूर्वजांचं कडवं तोंडात येऊ द्यायची नाही. मला भीती वाटायची. त्यांना हाक मारली आणि ते खरंच आले तर मी कुठे लपू?

केस गेले. तोंडात फोड आले, पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. माझ्या बाजूच्या खाटेवर रत्नागिरीकडच्या एक बाई होत्या. त्यांच्या नातेवाइकांना एका सकाळी बाहेर बोलावलं आणि दुपारी त्या खाटेवर नवी चादर होती.  

मग तो दिवस आला. सकाळी तोंड धुताना नाकातून रक्त आलं, ते थांबेचना. टॉवेल भिजला, दुसरा भिजला. डॉक्टरीणबाई धावत आल्या. प्लेटलेट्स अगदी तळाला गेल्या होत्या. प्लेटलेट्स म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी. त्या दुसऱ्याच्या रक्तातून काढून देता येतात, पण फार साठवून ठेवता येत नाहीत, थोड्याच दिवसांत निकामी होतात. म्हणजे माणसं पुन्हा पुन्हा लागतात. डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या, "आमच्याकडे आज जेवढ्या आहेत तेवढ्या देते. उद्यापासून रक्त देणारी माणसं तुम्ही आणा. खूप आणा. डोक्यात रक्तस्राव झाला तर मग हातात काही राहणार नाही."

हे तळोज्याच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या दोघा-तिघांनी रक्त दिलं. हे गावात गेले. गावात माणसांना तोटा नव्हता, पण रक्त म्हटल्यावर प्रत्येकाला काही ना काही आडवं आलं. कुणाची भाताची झोडणी, कुणाचा ताप, कुणाची आई जाऊ देईना. रक्त दिलं की अंगातली ताकद कायमची जाते असं तेव्हा सगळे धरून चालायचे. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मीही ह्यांना जाऊ दिलं नसतं. हे घरी येऊन ओट्यावर डोकं धरून बसले.

पुढचं मी पाहिलं नाही, ह्यांनी आणि आळीच्या बायकांनी सांगितलं.

नागूबाईने ह्यांना विचारलं, "किती मानसं पायजेत?"

"मिळतील तेवढी."

ती घरात गेली, लुगडं बदलून आली. हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि अक्षता. लग्नाचं बोलावणं करायला बाई निघते तशी ती निघाली, पहिल्या घरापासून. दारात उभी राहायची, कुंकू लावायची, अक्षता हातावर ठेवायची आणि म्हणायची, "धवलारणीच्या घरचं बोलावनं हाय. घरटी येक मानूस. उद्या सकाळी टेम्पो सुटेल."

आमच्या गावात लग्नाचं बोलावणं घरटी एक माणूस असंच असतं. अक्षता हातात घेतली की त्या घरातून कुणीतरी जावंच लागतं, भाऊबंदकीत बोलणं बंद असलं तरी. एकाने म्हणे विचारलं, "आजी, ह्या कंचं लगीन?" नागूबाई म्हणाली, "तुज्या मांडवात तिनं घसा फोडला तवा इचारलंस का, कंचं लगीन म्हनून? तुज्या हलदीला ती नसती तर अजून कोराच फिरला असतास!"

दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाच्या टेम्पोतून गाव आलं. बायका लग्नाच्या साड्या नेसून, गजरे माळून. रक्तपेढीतल्या लोकांना कळेना की हे कुणाचं वऱ्हाड चुकून इथे आलं. कितीतरी बायकांना अंगात रक्त कमी म्हणून परत पाठवलं, तर त्या भांडायला उठल्या. नागूबाईला वयामुळे नाही म्हणाले. ती तिथल्या डॉक्टरांना म्हणाली, "माजा रगत म्हातारा झाला काय? मग मी काय नुसती ताट फिरवायला आले?"

आणि ते एकदाच नाही झालं. गावात पाळी लागली. आज खालची आळी, परवा वरची. कुणी चुकलं तर नागूबाई ताट घेऊन दारात हजर.

मला कुणाला भेटू देत नव्हते. पांढऱ्या पेशी संपल्या होत्या, साध्या सर्दीनेही जीव गेला असता. ताप उतरत नव्हता. पण डॉक्टरीणबाईंनी एकदा नागूबाईला मास्क बांधून दारापर्यंत येऊ दिलं. माझं टक्कल बघून तिचे डोळे भरले, आवाज मात्र नेहमीसारखाच खडा.

"धवला म्हनतेस का?"

मी मान हलवली.

"कुटवर जातेस?"

"गावापर्यंत. पूर्वजांना बोलवायला भीती वाटते," मी कसंबसं म्हणाले.

ती जराही हसली नाही. "नको बोलवूस. ती मानसं रिकामीच बसलेली असतात, लगेच येतील. ते कडवं राखून ठेव. माज्या रंजूच्या लग्नात म्हन. तुज्याशिवाय मी तिला हलद लावू देनार नाय, सांगून ठेवते."

रंजू तिची नात. तेव्हा ती चौथी-पाचवीत होती. म्हणजे मला किती वर्षं जगायचं होतं याचा हिशोब म्हातारीने दारात उभ्या उभ्या लावून टाकला. मला रडू आलं आणि खरं सांगते, बरंही वाटलं. इतके दिवस सगळे मला धीर धर म्हणत होते. तिने मला काम सांगितलं.

चांगल्या पेशी परत उगवल्या. हळूहळू, रुसून बसल्यासारख्या, पण उगवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रेमिशन आहे. म्हणजे तपासणीत आजार दिसत नाही. गेला असं मी आज म्हणणार नाही." त्यानंतरही केमोच्या फेऱ्या झाल्या. मधल्या काळात धूळ-धुराला नको म्हणून मी खांदा कॉलनीत बहिणीकडे राहिले. तिच्या इमारतीतल्या लोकांनीही रक्त दिलं, ओळखदेख नसताना.

पुढची वर्षं तपासणीच्या तारखांवर टांगलेली होती. रिपोर्ट हातात येईपर्यंत मी घरात सगळ्यांवर खेकसायची. हे मुकाट्याने ऐकून घ्यायचे. त्यांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, इथे लिहिते. हिरडीतून जराही रक्त आलं की अजून माझे हातपाय गार पडतात. ही भीती जाते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती घरातल्या माणसासारखी राहते. आपण आपली कामं करत राहायची.

रंजूचं लग्न ठरलं तेव्हा नागूबाई नव्हती. आदल्याच साली, दारात तांदूळ निवडता निवडता ती गेली. मी धावत पोचले तेव्हा सूप तिच्या मांडीवर तसंच होतं. मी वाचले आणि ती गेली, याचा मला कितीतरी दिवस राग येत होता. कुणावर, ते कळत नव्हतं.

लग्नघरी कुणीतरी म्हणालं, आता धवला कशाला, कॅसेट लावू, हिचा घसाही पहिल्यासारखा राहिला नाही. ते खरं होतं. औषधांनी माझा आवाज फाटला होता. रंजू हळदीच्या पाटावर बसली नाही. "काकी म्हनंल तरच बसीन," ती म्हणाली. आजीचीच नात ती.

मी बसले. देवांना बोलावलं, डोंगर-खाडीला बोलावलं, गावाला बोलावलं. मग थांबले. इतकी वर्षं मी इथूनच मागे फिरत आले होते. मधल्या लग्नांत ते कडवं मी दुसऱ्या बायकांना म्हणायला लावायची आणि स्वतः गप्प राहायची.  मागे ओळ उचलायला आळीच्या बायका बसल्या होत्या, टेम्पोतून आल्या होत्या त्याच. डॉक्टर सांगतात की दुसऱ्याच्या प्लेटलेट्स अंगात थोडेच दिवस टिकतात. टिकत नसतील. मला त्या पाठीमागे बसलेल्या दिसत होत्या.

मी पूर्वजांचं कडवं उचललं. रंजूच्या पणजोबाचं नाव घेतलं, आजोबाचं घेतलं. मग नागूबाईचं. आवाज चिरकला, पण मागून बायकांनी ओळ धरली, पडू दिली नाही. भीती वाटली नाही. ज्या बाईने माझ्यासाठी दारोदार हाक दिली तिला हाक मारायची मला कसली भीती?

ओळ संपल्यावर मी मूठभर अक्षता घेतल्या आणि मांडवाच्या दाराकडे टाकल्या, तिच्या नावाने.

नागूबाई आली असणार. अक्षता घेतल्यावर नाही म्हणता येत नाही.