नावेला काष्टा, राजवाड्याला गोल

बँकॉकच्या सुट्टीतला एक दिवस मी माझ्या ताब्यात ठेवला होता. बाकीचे दिवस नवऱ्याने ठरवले, त्यात बाजार, मंदिरं आणि हॉटेलात पडून राहणं होतं. माझ्या दिवशी सकाळी बोटीत बसायचं, नदीतून वर जायचं, काठावरचा जुना उन्हाळी राजवाडा बघायचा आणि त्याच बोटीने परत यायचं. मला नदीही बघायची होती आणि राजवाडाही. दोन्ही एका तिकिटात बसत होतं, म्हणून मी खुशीत होते.

आम्ही तिघं जाणार होतो. मी, नवरा आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. मी परभणीला शाळेत शिकवते. जाऊबाई बोरीला असतात, शेती आणि म्हशी बघतात. त्यांच्या मुलाने हौसेने आईबापाचे पासपोर्ट काढून ठेवले होते, ते पेटीत तसेच पडून होते. मी सहज विचारलं, येता का, तर त्यांनी दुसरा प्रश्न न विचारता हो म्हटलं. मोठे दीर म्हणाले, म्हशी कोण बघंल. जाऊबाईंनी त्यांना सांगितलं की म्हशी तुमच्यापरीस शहाण्या हायत, आपल्या आपण राहतील. दीर तरी हलले नाहीत.

जाऊबाईंना राजवाड्यात एकच गोष्ट बघायची होती. राणीचं स्वयंपाकघर. तिकीट काढल्यापासून त्यांचा फोन आला की हाच विषय. चूल कोणत्या तोंडाला होती, धूर कुठून जायचा, पाणी कोण भरायचं, राणी कधी तिथे यायची की नाही. मी त्यांना सांगत होते की सिंहासनाची खोली आहे, तळ्याच्या मधोमध मंडप आहे, राजाची अभ्यासिका आहे. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हे राजाचं झालं. तिचं काय?"

याचं उत्तर मलाही हवं होतं, म्हणून एका रविवारी मी राजवाड्याची माहिती नीट वाचायला बसले. स्वयंपाकघराबद्दल एक ओळ नव्हती. कपड्यांबद्दल मात्र अख्खं पान होतं. माणसांच्या आकृत्या आणि त्यांवर लाल फुल्या. बिनबाह्यांचं चालणार नाही, झिरझिरीत चालणार नाही, गुडघे दिसलेले चालणार नाहीत. शेवटच्या आकृतीत एका बाईने पोटऱ्या उघड्या टाकणारी आखूड विजार घातली होती. तिच्यावर सगळ्यात मोठी फुली.

जाऊबाई नऊवारी नेसतात. इरकली लुगडं, आणि त्याचा काष्टा, म्हणजे लुगड्याचा काठ दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला घट्ट खोचलेला. लग्नाला, बाजाराला, दवाखान्यात, रानात, सगळीकडे तेच. पुढून बघितलं तर सगळं झाकलेलं. मागून बघितलं तर पोटऱ्या दिसतात, आणि कामाला वाकल्या की त्याच्या वरही थोडं. माझं लग्न झाल्यापासून मी त्यांना असंच बघत आले, आणि राजवाड्याच्या पहारेकऱ्याच्या नजरेने मागून बघायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

मी तिकीटवाल्यांना मेसेज केला. आमच्याकडे नऊ वार लांबीचं वस्त्र नेसतात, ते चालेल का. उत्तर आलं की लांबीला काही हरकत नाही, पाय झाकलेले असावेत. मग मी नवऱ्याला म्हटलं की फोटोच पाठवू. बोरीला गेलो तेव्हा जाऊबाई म्हशीपुढे वैरण टाकत होत्या, आणि हा मागून फोटो काढायला लागला. त्या वळून म्हणाल्या, "भावजी, फोटो म्हशीचा काढायलाव का माझा?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी हसून पुन्हा पाठ फिरवली आणि म्हणाल्या, मग नीट काढा, काठ दिसू द्या.

या फोटोला उत्तर आलं, की ही विजार आहे का साडी ते आम्हाला कळत नाही, दारावरचे लोक ठरवतील.

असल्या उत्तरावर मला नियोजन करता येत नाही. मी जाऊबाईंना म्हटलं, अक्का, त्या एका दिवसापुरती गोल साडी नेसा. सहावारी, माझ्यासारखी. त्यांनी तोंड वाकडं केलं. गोल नेसलं की पाय बांधल्यासारखे वाटतात, म्हणाल्या. मी म्हटलं, मग ते आत सोडणार नाहीत, आम्ही आत जाऊ आणि तुम्हाला बाहेर बाकड्यावर बसावं लागेल. चूल राहिली बाजूला, दारसुद्धा बघायला मिळायचं नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, आण तुझी साडी.

तालीम म्हणून आम्ही शनिवारी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो. मी त्यांना माझी साडी नेसवली, जागोजागी पिना लावल्या. दर्शन झालं, प्रदक्षिणा झाली. त्या लहान लहान पावलं टाकत चालत होत्या, जसं कुणी ओल्या फरशीवर चालावं. मला वाटलं, जमतंय. परत निघताना रिक्षात चढायला त्यांनी नेहमीसारखा पाय उचलला. साडी तेवढी उघडली नाही, काठ टाचेखाली आला आणि त्या गुडघ्यावर आपटल्या. फार लागलं नाही. परभणीला घरी आल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून लुगडं नेसलं, काष्टा मारला, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "त्या बोटीत चढायचं कसं, ते दाव बरं मला."

तो प्रश्न खरं तर मला पडायला हवा होता. मी मोबाइलवर त्याच धक्क्याचा व्हिडिओ शोधून लावला. बोट धक्क्याला नीट लागत नव्हती. वरखाली हलत होती, दोरवाला शिट्टी मारत होता, आणि माणसं मधल्या पाण्यावरून टांग टाकून आत जात होती. जाऊबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी त्या फक्त पाय बघत होत्या.

"हितं लांब टांग लागती," त्या म्हणाल्या. "गोल नेसून गेले तर मी पाण्यात अन् तुझी साडी बोटीत."

तर अशी गंमत होती. नावेला काष्टा पाहिजे आणि राजवाड्याला गोल पाहिजे. आणि दोन्ही एका तिकिटात.

पुढचे काही दिवस मी याच विचारात होते, आणि खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. बोटीत लुगडं सोडून साडी नेसता येईल का? बोटीतल्या संडासाचा फोटो मिळाला, त्यात नऊ वार सोडायला जागा नव्हती, कोपर हलवायला नव्हती. धक्क्यावर खोली आहे का? नव्हती. मग मला उपाय सुचला. लुगडं तसंच ठेवायचं आणि दारापाशी वरून मोठ्या घेराचा परकर चढवायचा. पाय झाकले जातील, बोटीत टांगही टाकता येईल. मी शिंप्याकडून गडद रंगाचा परकर शिवून घेतला. एवढ्या घेरात किती जणी मावणार आहेत, असं त्याने विचारलं.

जाऊबाईंनी तो बोरीला ओसरीवर घालून बघितला. नऊ वारांवर तो परकर म्हणजे धान्याची कणगी दिसत होती. नवरा म्हणाला, वहिनी, कणगी चालायला लागली. मोठे दीर हसता हसता खोकायला लागले. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी परकराची नाडी सोडली, तो खाली पडला, त्यातून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी तो घडी करून माझ्या हातात दिला.

"परकर आतून घालायची चीज हाय," त्या म्हणाल्या. "वरून परकर घालून मी कुनाच्या घरात जानार न्हाई. राणीच्या तर न्हाईच न्हाई."

मी समजावलं की तिथे कुणाला कळणार आहे परकर म्हणजे काय, त्यांना तो घागराच वाटेल. त्या म्हणाल्या, मला कळंल की. मग त्यांनीच ठरवून टाकलं. लुगड्यावर सोडलं तर आत येईन, न्हाई सोडलं तर बाकड्यावर बसेन, तुमी दोघं चूल बघून या अन् मला सांगा.

बॅग भरताना मी तो परकर तळाला ठेवला. त्यांना सांगितलं नाही.

हैदराबादहून विमान होतं. बँकॉकला माझा दिवस उजाडला तेव्हा आम्ही वेळेच्या आधीच धक्क्यावर जाऊन बसलो होतो. नदी मोठी, मातकट, आणि तिच्यावर जलपर्णीचे हिरवे गठ्ठे वाहत होते. जाऊबाई बराच वेळ त्या गठ्ठ्यांकडे बघत राहिल्या आणि त्यांनी मला विचारलं, समुद्र कोणत्या अंगाला. मी नकाशा बघून सांगितलं. "मग ही नदी समुद्राकडून घराकडं कामून वाहायलीय?" मी पुन्हा बघितलं. गठ्ठे खरोखर उलटे, वरच्या बाजूला चालले होते. आमच्या सहलीचा वाटाड्या धक्क्यावरच थांबला होता, त्याला विचारलं, तर तो म्हणाला, भरती आहे, समुद्राचं पाणी आत शिरतं तेव्हा नदी उलटी वाहते, दुपारनंतर सरळ होईल. आमच्याकडच्या नद्यांना पाणी असतं किंवा नसतं, एवढंच आम्हाला माहीत. उलटी नदी आम्ही तिघांनीही पहिल्यांदा बघितली.

बोट आली, हलत उभी राहिली. जाऊबाईंनी काष्टा एकदा चाचपला, टांग टाकली आणि आत. दोरवाल्याने पुढे केलेला हात तसाच राहिला, तो मग मी धरला.

राजवाड्याच्या दारावर गणवेशातल्या दोन बायका एकेकाला बघून आत सोडत होत्या. मला सोडलं, नवऱ्याला सोडलं. जाऊबाईंपुढे एकीने हात आडवा केला. ती त्यांच्या मागे गेली, थांबली, आणि तिने दुसरीला हाक मारली. दोघी मागे उभ्या राहून आपसात बोलायला लागल्या. मागची रांग थांबली. नवरा हळूच म्हणाला, परकर काढ. माझा हात बॅगेत गेलाच होता. जाऊबाईंनी मान वळवून आजूबाजूला बघितलं आणि सावलीतल्या एका बाकड्याकडे बोट केलं.

"तिथं बसते मी. तुमी जावा. चुलीचं तोंड तेवढं बघून या."

त्या खरंच वळल्या होत्या. तेवढ्यात त्या पहिल्या बाईने खुणेने विचारलं, हात लावू का? जाऊबाईंनी मान हलवली. तिने कमरेपाशी खोचलेला काठ दोन बोटांनी धरला, किती आत गेलाय ते बघितलं, दुसरीला एक शब्द सांगितला, आणि दोघी हसल्या. मग तिने बाजूला होऊन दोन्ही हात जोडले आणि वाट दिली. मी बॅगेची चेन लावून टाकली.

हे काय झालं ते मला वाटाड्याकडून कळलं. तो म्हणाला, पूर्वी इथल्या बायका असंच नेसायच्या, आत फोटो आहे, दाखवतो.

एका लाकडी जिन्याजवळ तो फोटो होता. जुनी राणी खुर्चीवर बसलेली. वर झालरीचं, गोऱ्या मडमा घालतात तसलं पोलकं. आणि खाली कापड दोन पायांमधून मागे नेऊन खोचलेलं. काष्टा. जाऊबाई फोटोच्या अगदी जवळ गेल्या. मी वाट बघत होते की त्या काय म्हणतील.

"ही आपल्या जिंतूरकडली दिसती," त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघींनी तो फोटो नीट वाचायला घेतला. त्यांच्या मते निऱ्या नव्हत्या, पुढची टोकं एकत्र पिळून मागे नेली होती, आणि कापड नऊ वार नव्हतं, चारच्या आसपास असावं. मला ते पिळणं दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं. वाटाड्याला विचारलं तर तो म्हणाला, हो, पिळतात. मग त्या खाली वाकल्या आणि राणीच्या पायांपाशी थांबल्या.

"हिनं गुडघ्यापतोर मोजे घातलेत. मंजे पोटऱ्या हिलाबी झाकायच्या व्हत्या."

मी बघितलं. पांढरे मोजे होते, लांब, कापडाखाली शिरलेले. परदेशी पाहुण्यांपुढे बसायचं म्हणून घातले असतील की तेव्हाची फॅशन होती, हे मी नंतर शोधलं, पण पक्कं कळलं नाही. माझ्या शाळेत रोज शेकडो पोरी असे मोजे घालून माझ्यासमोर बसतात. जाऊबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या.

"तू एवढा परकर शिवलास. मोजे सुचले न्हाईत व्हय?"

नवरा दुसऱ्या फोटोकडे बघायला निघून गेला.

स्वयंपाकघर सापडलं नाही. पाट्यांवर नव्हतं, नकाशावर नव्हतं. वाटाड्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तो म्हणाला, असणार कुठेतरी, पण पाहुण्यांना दाखवत नाहीत, आणि आजवर कुणी विचारलंही नाही. जाऊबाईंनी त्याला सांगितलं, माझ्या मार्फत, की पुढच्या वेळेपर्यंत विचारून ठेव. त्याने मान डोलावली.

परतताना नदी सरळ वाहायला लागली होती. जाऊबाई टांग टाकून बोटीत चढल्या आणि मागच्या टोकाला जाऊन बसल्या. सगळे पुढे जेवणाच्या टेबलाकडे गेले. मी त्यांना बोलवायला गेले तर त्या डोळ्यांवर हाताची सावली धरून राजवाड्याकडे बघत होत्या. एवढ्या छपरांत धुराडं कुठंतरी असंलच, म्हणाल्या, तू डावीकडची बघ, मी उजवीकडची बघते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि डावीकडची छपरं बघायला लागले.