सॅमसनची नडगी

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात माझी नेमणूक बेर्शेबाच्या पश्चिमेकडच्या एका इन्फंट्री कंपनीत झाली. मी वायरलेस ऑपरेटर. पाठीवर सेट, हातात रायफल. तंबूंची छावणी, एक डांबरी रस्ता, बाकी सगळी पिवळी माती. काम सरहद्दीच्या गस्तीचं.

कंपनीत मराठी बोलणारे, भारतातून आलेले ज्यू आम्ही दोघंच. मी डॅनियल, ठाण्याचा. दुसरा सॅमसन, रेवदंड्याजवळच्या गावचा. लहानपणी तो ओल्या वाळूवर अनवाणी धावायचा, मग मुंबईच्या शाळेतून शर्यती जिंकला. सडपातळ, लांब पायांचा. धावताना त्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. तिसरा आमचा मित्र मखलूफ, मोरोक्कोचा. रुंद छातीचा, जाडजूड, धावण्यात कायम शेवटचा. आम्ही तिघं मोडक्यातोडक्या हिब्रूत बोलायचो आणि एका तंबूत राहायचो.

प्लाटून कमांडर लेफ्टनंट अम्नोन. त्याच्याविषयी आदराने लिहावं असं मला आजही वाटत नाही. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून तो जेवायलाही बसायचा. त्याचे स्वतःचे बूट मऊ चामड्याचे, तेल पाजलेले. आम्हाला मिळाले ते जुन्या ब्रिटिश मालातले, लाकडासारखे कडक. सॅमसनला एक नंबर लहान जोडी मिळाली. बदलून मागितली तर स्टोअरवाला म्हणाला, "पाय लहान कर."

बटालियनची क्रॉसकंट्री शर्यत ठरली आणि अम्नोनच्या डोक्यात कप शिरला. पावसामुळे आम्ही दोन आठवडे तंबूत बसून होतो. पाऊस थांबल्याच्या दुसऱ्याच सकाळी त्याने आम्हाला डांबरी रस्त्यावर काढलं. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर, आठवडा संपायच्या आत पंधरा. सगळं त्या कडक बुटांत, पाठीवर पॅक. रस्ता मधोमध उंच, दोन्ही कडांना उतरता होता. आम्ही जाताना आणि येतानाही आपल्या डाव्या कडेने धावायचो, कारण उजव्या अंगाला अम्नोनची जीप चालायची. म्हणजे डावा पाय कायम खालच्या अंगाला. सुट्टीचा दिवस नाही. कुणी लंगडला की जीपमधून आवाज यायचा, "मेफुनाकीम!" म्हणजे लाडावलेली पोरं.

दहा दिवसांत अर्धा प्लाटून लंगडत होता. कुणाची टाच, कुणाचा गुडघा. अम्नोनचा निष्कर्ष असा, की हल्ली सैन्यात माणसं हलकी येतात.

सॅमसन लंगडत नव्हता. तेच वाईट झालं. डाव्या नडगीवर एक जागा दुखतेय, असं त्याने मला एका सकाळी सांगितलं.

"कुठे?"

"ही बघ. बोट ठेवलं की जीव जातो. आजूबाजूला काही नाही."

"धावताना?"

"आधी धावताना दुखायची. आता बसलो तरी दुखते रे."

मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर रोमानियाचे, वयस्कर, हिब्रू आमच्याइतकंच कच्चं. त्यांनी नडगीवरून अंगठा फिरवला. त्या जागेवर आला तसा सॅमसनने खाटेची पट्टी घट्ट धरली. डॉक्टर म्हणाले, "हाडाला तडा आहे. दर पावलाला हाडाला बारीक इजा होते, विश्रांती मिळाली की भरून येते. हे हाड भरायला वेळच दिलेला नाही. आज एक्स-रेत दिसणार नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसेल. तोवर धावणं बंद. सहा आठवडे."

मी आणि सॅमसन हे सांगायला अम्नोनच्या तंबूत गेलो. तो घड्याळाला चावी देत होता.

"एक्स-रेत दिसतंय?"

"आज नाही दिसणार, असं डॉक्टर म्हणाले."

"मग नाहीच आहे." त्याने वर पाहिलं. "माझा सगळ्यात चांगला घोडा मी डॉक्टरच्या अंगठ्यावरून बसवून ठेवू? पट्टी बांध. शर्यत संपली की हवा तेवढा झोप."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "डॉक्टरांना परत सांगू. ते कंपनीच्या मेजरशी बोलतील."

"नको. भारतातले सगळे रडे, असं म्हणतात आधीच. एक शर्यत आहे, धावून टाकतो."

मी तरीही डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर मेजरशी बोलले. मेजरने अम्नोनला बोलावलं. अम्नोन म्हणाला, जवान स्वखुशीने धावतोय. मेजरने विषय संपवला.

सॅमसन धावला आणि पहिला आला. शेवटचा अर्धा मैल त्याचे ओठ पांढरे होते. अम्नोनने कप हातात घेऊन फोटो काढवला. फोटोत सॅमसन नाही. तो झाडाखाली बूट काढत बसला होता आणि मखलूफ त्याच्या नडगीवर ओला टॉवेल धरून होता.

हवा तेवढा झोप, म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी सॅमसनचं नाव गस्तीत होतं.

ती गस्त सकाळची. उजाडल्यावर जवळच्या एका वस्तीच्या कुंपणापाशी पावलांचे ताजे ठसे सापडले, पाण्याचा पाइप कापलेला होता. ठसे पश्चिमेला, सरहद्दीकडे जात होते. अम्नोन पुढच्या सेक्शनबरोबर, त्याच्याकडे एक नंबरचा सेट. मी दोन नंबरचा सेट घेऊन मागच्या सेक्शनमध्ये, सॅमसन आणि मखलूफ माझ्याबरोबर. हुकूम आला, "धावत. कादिमा!" म्हणजे पुढे.

सॅमसन धावू लागला, पण त्याचं डावं पाऊल पूर्ण टेकत नव्हतं. तासभर आम्ही असं काही धावत, काही चालत गेलो. मग एक वाडी आली. वाडी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, दगडगोट्यांनी भरलेलं. पुढचा सेक्शन पलीकडच्या काठावर चढून दिसेनासा झाला. आम्ही उतार उतरत होतो. सॅमसन माझ्या पुढे, पात्रात पोचला होता. कट्ट असा आवाज आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. मला वाटलं गोळी सुटली. सॅमसन पात्राच्या मधोमध पडला होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता.

मी सेटवर बोललो.

"एक, मी दोन. सॅमसन पडला. पाय मोडलाय."

"दोन, मी एक. अडखळला असेल. उठवा आणि पुढे या."

"एक, हाड बाहेर आलंय."

"दोन, पुढे या. थांबू नका."

तेवढ्यात उजवीकडच्या टेकाडावरून गोळीबार सुरू झाला. आम्ही काठाच्या आडोशाला झोपलो. सॅमसन उघड्यावर होता. तो मराठीत ओरडला, "डॅनी, येऊ नको! येऊ नको रे!" मखलूफला मराठी कळत नव्हतं. कळलं असतं तरी तो थांबला नसता. तो आपल्या नेहमीच्या जड चालीने गेला, सॅमसनच्या काखेत हात घातले आणि त्याला मागे ओढू लागला. आम्ही टेकाडावर गोळ्या झाडत राहिलो. आडोसा पाच-सात पावलांवर असताना मखलूफ खाली बसला. त्याच्या मानेत गोळी लागली होती. त्याने सॅमसनची काख सोडली नव्हती. मेडिक आणि मी दोघांना ओढून आत घेतलं. मेडिकने जखम दाबून धरली, पण थोड्या वेळाने त्याने हात काढला.

अम्नोन परत आला तेव्हा गोळीबार थांबला होता. त्याने मखलूफकडे पाहिलं, सॅमसनकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या दगडाला अडखळला?"

चौकशीतही त्याने हेच सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं, हे हाड त्या सकाळी मोडलेलं नाही, त्या सकाळी फक्त वेगळं झालं. मी सेटवरचं बोलणं शब्दशः सांगितलं. ते सगळं ऐकून अम्नोनची बदली झाली. कुठे? नव्या रिक्रूटांच्या ट्रेनिंग बेसवर! एक पाय मोडला म्हणून शेकडो पाय ताब्यात दिले.

पुढे मी कॉर्पोरल झालो, माझ्याही हाती रिक्रूट आले. मी त्यांना आधी चालवलं. बूट पायाला बसेपर्यंत धावणं नाही. बूट चावले तर स्टोअरवाल्याशी मी भांडायचो. मग थोडं धावणं, मातीवर, पॅकशिवाय. आठवड्याला थोडीशीच वाढ आणि मध्ये विश्रांतीचा दिवस. आजारी पडून उठलेल्याने पुन्हा खालून सुरुवात करायची. स्नायू अंगभर दुखले तर दुखू दे, पण हाडावर एका जागी बोट ठेवून कुणी दुखतं म्हणाला की तो त्या दिवशी बसला. इतर कॉर्पोरल माझ्या तुकडीला बालवाडी म्हणायचे. घोटे माझ्याकडेही मुरगळले. पण मोडकं हाड घेऊन मी कुणाला गस्तीवर नेलं नाही.

आता मी राहतो त्या अश्केलोनच्या समुद्रकाठी भले भले साहेब धावताना दिसतात. वीस वर्षं खुर्चीत बसायचं, एका शुक्रवारी महागडे बूट घ्यायचे आणि शनिवार धर्माच्या विश्रांतीचा म्हणून सोडून रविवारपासून सिमेंटवर धाव धाव धावायचं. महिन्याने काठी घेऊन भेटतात. "अंकल, नशीब खराब." नशीब कसलं? अम्नोनला निदान कप तरी हवा होता.

मखलूफ गेल्यावर तेव्हा तिसाव्या दिवसाची प्रार्थना बेर्शेबाच्या कब्रस्तानात झाली. अम्नोन आला होता. त्याने भाषण केलं, मखलूफ शत्रूवर पुढे धावताना पडला असं म्हणाला. मखलूफच्या आईला हिब्रू येत नव्हतं. तिने शेजारच्या मोरोक्कन जवानाला विचारलं, साहेब काय बोलला. जवान माझ्याकडे बघू लागला.

मी म्हटलं, "तिला सांग, तो पुढे नव्हता धावत. मित्राला मागे ओढून आणत होता."

अम्नोनने ऐकलं. 

बाईने विचारलं, तो मित्र कोण. सॅमसन कुबड्यांवर पुढे आला. मांडीपर्यंत प्लास्टर.  बाई खाली वाकली आणि प्लास्टरवर हात ठेवून तशीच बराच वेळ काहीतरी बोलली. जवानाने आम्हाला सांगितलं, "ती म्हणते, हा पाय पूर्ण भरू दे. कुणीही सांगितलं तरी घाईने त्यावर उभा राहू नको."

सॅमसनने मान हलवली. अम्नोन त्याच्या जीपकडे निघून गेला. आम्ही आईजवळ थांबलो.

मखलूफ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.